‘संपलं’ म्हणायचा वसा

ऐका अक्काबाई, तुमची कहाणी. धाकट्या लक्ष्मीची कहाणी सगळ्या ऐकतात, थोरल्या बहिणीची कुणी ऐकत नाही. आज बसल्याच आहात, तर ऐका बायांनो. हातात अक्षता घ्या. पोरं पेंगुळली असतील तर उठवून मांडीवर घ्या, ही कहाणी त्यांचीच आहे.

नगर होतं आटपाट. नगरात एक कासारआळी होती, आळीच्या टोकाला लिंबाशेट कासाराचं घर होतं. पेटारा पाठीला लावावा, गावोगाव हिंडावं, लेकीसुनांच्या हातात चुडे भरावे, मिळेल त्यात भागवावं, असा त्याचा नेम. घरात त्याची बायको भिवरा. हाताची चलाख, तोंडाची गोड. पण मनात तिच्या एक भीती घर करून बसली होती. कसली भीती?

भिवरेला पहिला मुलगा झाला. एके दिवशी ती चुलीपाशी म्हणाली, "दूध संपलं." तिसऱ्या दिवशी मुलगा गेला. मग दुसरा मुलगा झाला. एके दिवशी ती समईपाशी म्हणाली, "तेल संपलं." तिसऱ्या दिवशी तोही गेला. मग मुलगी झाली. नजर लागू नये म्हणून तिचं नाव धोंडी ठेवलं. बारशाला बायका पाळणा म्हणत होत्या, तेव्हा भिवरेनं पाळण्याच्या दोरीला हात लावून शपथ घेतली, की ह्या लेकराच्या कानावर ‘संपलं’ हा शब्द पडू देणार नाही.

आता आपण बायका तशाही संपलं म्हणत नाही. बांगडी फुटली तरी वाढली म्हणतो, कुंकू सरलं तरी वाढलं म्हणतो, तांदूळ तळाला गेले तर उदंड झाले म्हणतो. जुन्या बायकांनी घालून दिलेली रीत आहे, तिला नावं कोण ठेवतं? पण ते जाणतीनं जाणतीशी बोलायचं बोलणं. भिवरेनं ते पोरीला दुधाबरोबर पाजलं नि अर्थ काही सांगितला नाही. ताटात पडतं ते वाढणं, अंगानं होतं ते वाढणं, नि सरतं तेही वाढणंच. पोरीनं त्यातून काय उमजावं?

धोंडी तीन वर्षांची झाली. तिनं गूळ मागितला, भिवरेनं दिला. आणखी मागितला, आणखी दिला. डबा खरवडून झाला, तशी भिवरा म्हणाली, "गूळ वाढला हो, बाय माझी." मग घरातलं शेरभर धान्य वाण्याला घातलं नि गूळ आणला. पोरीनं पाहिलं, वाढला म्हटलं की डबा भरतो.

धोंडी पाच वर्षांची झाली. जत्रेला गेली. एक पैसा दिला, तिनं भिंगरी घेतली. दुसरा दिला, रेवड्या घेतल्या. मग तिसरा मागू लागली. भिवरेनं कनवटीला हात घातला, कनवट रिकामी. म्हणाली, "पैसे वाढले हो, बाय माझी." मग कानातली कुडी सोनाराला दिली नि पोरीच्या हातावर पैसा ठेवला. पोरीनं पाहिलं, वाढले म्हटलं की हात भरतो.

लिंबाशेट एकदा जेवता जेवता म्हणाला, "अगं, पोरीला पैशाची किंमत कळू दे. कधी आहे म्हण, कधी नाही म्हण. थोडं खा, थोडं उद्याला ठेव, एवढं तरी शिकव. उद्या सासरी गेली तर काय करेल?"

भिवरा म्हणाली, "भरल्या ताटावर अभद्र बोलू नका."

त्यानं पुढचा घास घेतला. दोन पाळणे त्यानंही रिकामे पाहिले होते. पण बांगड्या विकून जे येईल त्यातलं थोडं थोडं तो अडीअडचणीला म्हणून उतरंडीच्या तळच्या मडक्यात टाकू लागला.

मग धोंडी सात वर्षांची झाली. श्रावण अर्धा झाला होता. लिंबाशेट परगावाहून आला तो ताप घेऊन आला. पहिल्या दिवशी कण्हला, दुसऱ्या दिवशी बरळला, तिसऱ्या दिवशी बोलेना. भिवरेनं वैद्य आणला. वैद्यानं नाडी पाहिली, जीभ पाहिली, म्हणाला, "मात्रा आहे माझ्यापाशी. रोज उगाळून चाटवली तर माणूस उठेल. नऊ पावल्या पडतील. आधी पावल्या, मग मात्रा." पावली म्हणजे चार आणे. गरिबाला ते थोडं का होतं?

भिवरेनं उतरंड उतरवली. तळच्या मडक्यात सहा पावल्या निघाल्या. भिवरेचा जीव भांड्यात पडला. तिनं भिंतीशी उभी असलेली पितळी परात उचलली, डोक्यावर घेतली नि पोरीला म्हणाली, "धोंडे, मडक्यात सहा आहेत. बाबांच्या औषधाला नऊ व्हायला हव्यात. मी तांबटाकडे जाऊन आलेच. तू बाबांपाशी बस." शेजारच्या ठमाकाकूला हाक घालून लक्ष ठेवायला सांगितलं नि गेली.

धोंडी बसली. बापाकडे पाहिलं, मडक्याकडे पाहिलं. सहाच्या नऊ कशा व्हायच्या? आईला तीन आणायला इतकं लांब जावं लागतं, आणि आपण बसून काय करतो? वाढवायचं कसं, ते तिला ठाऊक होतं. आईनंच दाखवलं होतं. आधी सगळं रितं करायचं. तळाला एक म्हणून राहू द्यायचं नाही. मग वाढलं म्हणायचं.

बाजाराचा दिवस होता. पोरीनं सहा पावल्या ओच्यात घेतल्या नि धावत गेली. एका पावलीच्या रेवड्या घेतल्या, आळीतल्या पोरांना वाटल्या. दोन पावल्या पाळणेवाल्याला दिल्या, पोरांना झोके दिले. दोन पावल्या भिंगरीवाल्याला दिल्या, त्याची टोपलीच रिकामी केली. सहावी घ्यायला कुणी राहिलं नाही, तेव्हा ती देवळाच्या पायरीवरच्या आंधळ्याच्या वाडग्यात टाकली. स्वतः एक रेवडी तोंडात घातली नाही, एक झोका घेतला नाही. घाई होती तिला. घरी आली, मडक्याला हळदीकुंकू लावलं, हात जोडून समोर बसली.

तिकडं भिवरेनं परात विकली. तांबटानं दोन म्हटल्या, तिनं रडून तीन घेतल्या. पदराला गाठ मारली नि सुटली. वाटेत जपासारखी म्हणत होती, सहा नि तीन नऊ, सहा नि तीन नऊ. उंबऱ्यात पाऊल टाकलं. पोर हसत सामोरी आली.

"आई, मोजू नको आता. बाबांचे पैसे वाढले."

तुम्ही असतात तर काय समजल्या असतात? भिवरेला काही सांगावं लागलं नाही. शब्द तिचाच होता. ती उंबऱ्यावर बसली नि म्हणाली, "किती वाढले?"

"सगळे," पोर म्हणाली. "तळापासून वाढवले मी."

भिवरेनं मारायला हात उचलला नि तो तसाच राहिला. मारायचं कुणाला? ती उठली नि दारोदार गेली. ठमाकाकूकडे गेली, "सहा पावल्या द्या." ठमाकाकू म्हणाली, "काय सांगू भिवरे, आमच्याकडे उदंड झालंय गं." वाणिणीकडे गेली, "सहा पावल्या द्या." वाणीण म्हणाली, "कालच उदंड झालंय बाई." पाटलिणीकडे गेली, पाटलिणीनं आतूनच सांगितलं, "उदंड झालंय म्हणावं." तिन्ही घरी उदंड होतं, नि भिवरेच्या पदराला तीनच पावल्या होत्या. त्या घेऊन तिनं वैद्याचे पाय धरले. वैद्य म्हणाला, "तीन पावल्यांत येतं तेवढंच मिळेल." एका दिवसाची मात्रा दिली.

मात्रा चाटवली. लिंबाशेटनं डोळे उघडले. पाणी मागितलं, पोरीला ओळखलं, तिच्या डोक्यावरून हात फिरवला, म्हणाला, "शहाणी हो गं." एक दिवस तसा गेला. बायांनो, तो एक दिवस आला नसता तर भिवरेनं म्हटलं असतं, दैवात नव्हतं. पण आला. दुसऱ्या दिवशी त्याची शुद्ध हरपली, तिसऱ्या दिवशी गेला.

आळीतल्या बायका जमल्या. भिवरेला परसात नेलं, पाट्यावर हात ठेवायला लावले. आयुष्यभर कासारानं दुसऱ्यांच्या हातात बांगड्या भरल्या, त्याच्या बायकोच्या हातातल्या शेजारणींनी फोडल्या. ठमाकाकू बाहेर येऊन कुणाला तरी म्हणाली, "वाढवल्या गं भिवरेच्या बांगड्या." धोंडीनं ते ऐकलं. तिचा चेहरा उजळला. आत धावली नि आईच्या रित्या हातांकडे पाहून म्हणाली, "आई, आता तुला कोपरापर्यंत चुडा येणार. बाबा आणणार." मग ठमाकाकूकडे वळून विचारलं, "काकू, बाबापण वाढले का?"

ठमाकाकूनं पदर तोंडाला लावला. कुणी काही बोललं नाही. आणि पोरीनं त्याचा अर्थ होय असा घेतला.

मग पोर मडक्यापाशी बसली. एक डोळा मडक्यावर, एक डोळा दारावर. पहिल्या दिवशी भिवरेनं भाकरी पुढं केली. पोर म्हणाली, "बाबा आल्यावर." दुसऱ्या दिवशी भाकरी पुढं केली. पोर म्हणाली, "मडकं भरल्यावर." तिसऱ्या दिवशी पोर काही म्हणाली नाही. भिंतीला टेकून बसली, ओठ सुकले, डोळे आत गेले, पण दारावरून हलेनात. रडली नाही एकदाही. रडायचं कशाला, सगळं तर वाढलं होतं.

भिवरेला कळत होतं काय सांगायला हवं ते. शब्द जिभेवर येई. पण तो उच्चारला की तिसऱ्या दिवशी पोर जाईल, असं तिच्या मनानं घेतलं होतं. आणि न उच्चारावा तर पोर डोळ्यांदेखत वाळत होती. बोललं तरी जाणार, न बोललं तरी जाणार. इकडे आड, तिकडे विहीर. दिवस शनिवारचा होता, श्रावण सरत आला होता. पोरीचा डोळा लागला, तशी भिवरा उठली, गावाबाहेर रानात गेली नि मोठ्यानं रडू लागली.

तिथं तिला एक म्हातारी भेटली. अंगावर फाटकं लुगडं, हातात फुटकं सूप, मागं एक गाढव. म्हातारीनं विचारलं, "बाई बाई, का रडतेस?"

"माझं रडणं ऐकून तू काय करशील?"

"दुसरं काय काम असतं मला? सांग."

भिवरेनं सगळं सांगितलं. दूध सांगितलं, तेल सांगितलं, सहा पावल्या सांगितल्या. म्हातारीनं ऐकलं नि म्हणाली, "तुझा पहिला मुलगा गोवरानं गेला. दुसरा घटसर्पानं गेला. दूध नि तेल त्या दिवशी गावात आणखी दहा घरी संपलं होतं."

"तुला काय ठाऊक?"

"मी होते तिथं. मी सगळीकडं असते. शब्दानं माणूस मरता तर गावात म्हातारं कोण उरलं असतं?"

भिवरेनं ओळखलं. ही अक्काबाई. जिच्या फेऱ्याला लोक भितात, जिला सूप वाजवून घराबाहेर काढतात, ती लक्ष्मीची थोरली बहीण. भिवरा मागं सरली. अक्काबाई म्हणाली, "पळ, सगळ्याच पळतात. धाकटी शुक्रवारी येते, तिला पाट मांडता, पुरण घालता. मी शनिवारी येते, मला दार लावता. मला पुरण नको नि पाटही नको. पोरांना माझं नाव तेवढं सांगत जा. ज्या घरातल्या पोरांना मी ठाऊक असते, तिथं मी फेरा घालते नि जाते. ज्या घरात माझं नाव झाकून ठेवतात, तिथं मला मुक्कामाला राहावं लागतं."

"मग मी काय करू?"

"वसा घे."

"कसला वसा?"

"श्रावणातल्या सरत्या शनिवारी करावा. पोराला न्हाऊ घालावं. घरातलं एक रितं मडकं त्याच्यापुढं ठेवावं, त्याचा हात धरून मडक्यात घालावा, तळ चाचपू द्यावा. मग म्हणावं, संपलं. वाढलं म्हणू नये, उदंड म्हणू नये. मग पोराच्या हातावर एक पैसा ठेवावा, बाजारात न्यावं, हवं ते घेऊ द्यावं. वाईट घेतलं तरी बोलू नये. आणखी मागेल, तेव्हा पैसा संपला म्हणावं. दुसरा देऊ नये. रडू द्यावं. जवळ घ्यावं, पण पैसा देऊ नये. मग मूठभर धान्य त्याच्याच हातानं उद्यासाठी बाजूला ठेववावं. सात वर्षं करावं, मग उजवावं."

"माझी पोर मरेल की."

"मरेल, नाहीतर जगेल. मी देवी आहे, जोशी नव्हे."

"तिचा बाप परत मिळेल?"

"नाही," अक्काबाई म्हणाली. "बघ, मला म्हणता येतं."

"मग ह्या वशाचं फळ काय?"

अक्काबाईनं गाढवाच्या पाठीवर हात टाकला. म्हणाली, "फळ नाही. पोरीला खरं कळेल एवढंच. उत, मात, वसा विसर, मला राग नाही. फक्त पोराशी खोटं बोलू नको." आणि निघून गेली.

भिवरा घरी आली. पोर जागी होती, दाराकडे पाहत होती. भिवरेनं पाणी तापवलं, तिला न्हाऊ घातलं. अंगावर मांस उरलं नव्हतं, हाड नि हाड हाताला लागलं. तळचं मडकं पुढं ठेवलं. पोरीचा हात धरला नि आत घातला. पोरीची बोटं तळाशी फिरली, कडेला फिरली, पुन्हा तळाशी आली.

भिवरेच्या डोळ्यांपुढं दोन पाळणे आले. ती एकदा म्हणू गेली, आवाज निघेना. दुसऱ्यांदा म्हणू गेली, रडू आलं. तिसऱ्यांदा म्हणाली, "संपलं."

पोरीनं विचारलं, "म्हणजे काय?"

सात वर्षांची पोर, नि तिला संपलं म्हणजे काय ते विचारावं लागलं.

"म्हणजे होतं ते गेलं. आपण देतो तेव्हा ते जातं, बाळ. वाढत नाही. मी खोटं सांगत होते. गूळ वाढत नव्हता, मी दाणे विकत होते. पैसे वाढत नव्हते, मी कुडी विकली."

"मग मडकं भरणार नाही?"

"आपोआप नाही. कष्ट करू, थोडं खाऊ, थोडं टाकू. तेव्हा कधीतरी भरेल."

पोरीनं हात मडक्यातून काढला. मग म्हणाली, "आणि बाबा?"

"बाबा संपले, धोंडे. ते कष्ट करूनही यायचे नाहीत."

पोर आईच्या हातांकडे पाहत राहिली. मग तिनं हळूच विचारलं, "मी त्या पावल्या दिल्या नसत्या तर?"

बायांनो, इथं भिवरेला खोटं बोलता आलं असतं. दैव म्हणता आलं असतं, देवाघरी बोलावणं आलं म्हणता आलं असतं. आपण सगळ्यांनी तेच म्हटलं असतं, नि पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला असता. पण वसा घेतला होता. भिवरा म्हणाली, "तर मात्रा आली असती. बाबा उठले असते. पण पावल्या तू दिल्यास त्या माझ्या शब्दावर दिल्यास. दोष माझा आहे, तुझा नाही. हे मी तू विचारशील तितक्यांदा सांगेन."

तेव्हा पोर रडली. पहिल्यांदा रडली. भिवरेनं तिला उराशी धरलं, दोघी मडक्याशेजारी बसून रडल्या, दिवस मावळेपर्यंत. मग पोर म्हणाली, "आई, भूक लागली." घरात एकच भाकरी होती. भिवरेनं अख्खी पुढं केली. धोंडीनं ती मोडली, अर्धी खाल्ली, अर्धी फडक्यात बांधली नि विचारलं, "ही उद्याला राहील?"

भिवरा म्हणाली, "राहील."

"आणि उद्या खाल्ली की?"

"मग संपेल."

पोरीनं मान हलवली, फडक्याला दुसरी गाठ मारली, नि आईच्या मांडीवर झोपली. भिवरा तीन दिवस तिच्या उशाशी बसून राहिली. पहिला दिवस गेला, दुसरा गेला, तिसरा उजाडला. पोर उठली, तोंड धुतलं, आईबरोबर पाणी भरायला गेली.

मग काय झालं? राज्य मिळालं नाही. घरातून सोन्याचा धूर निघाला नाही. मेलेला उठून बसला नाही. मायलेकींनी पेटारा पाठीला लावला नि बांगड्या विकल्या. थोडं खाल्लं, थोडं टाकलं. धोंडी शहाणी झाली, बापानं सांगितलं होतं तशी. पण ती पुन्हा कधी जत्रेला गेली नाही, रेवडी तोंडात घातली नाही. लहानपण तिचं त्या मडक्यापाशीच राहिलं. भिवरा दर श्रावणात दारोदार जाऊन हा वसा सांगत असे. बायका म्हणत, रांडमुंड बाई, वर अभद्र बोलते. नि दार लावून घेत. तुम्हीही घरी जाल, डबा उघडाल नि पोरांदेखत म्हणाल, पीठ वाढलं गं. म्हणा. पण मग पोराला जवळ बोलवा, त्याचा हात डब्यात घाला नि अर्थ सांगा.

अक्काबाई, भिवरेला खरं बोलायचं बळ आलं, तसं तुम्हां आम्हां येवो. तिला आलं तसं उशिरा मात्र कुणाला न येवो. साठां उत्तरांची म्हणतात ती कहाणी, मी पांचां उत्तरीं सांगितली. सुफळ म्हणवत नाही. वाढली तर मुळीच म्हणणार नाही. संपली.